कोळशाचा उपकर घेतला, आता हिशेब द्या

चांदागड
परवा एका गृहस्थांनी ठासून लिहिलं की आपल्यासारख्या देशात प्रदूषणावर कर लावणं हाच सर्वांत स्वस्त उपाय. जमलेला पैसा कुठे जातो हा दुय्यम प्रश्न, किंमत वाढली की माणूस आपोआप वळतो. वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर आला. २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारायचा, असं सांगून तो घेतला. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६,४०० कोटी जमले. त्यातले राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत पोचले २९,६०० कोटींच्या आसपास, आणि प्रकल्पांना मिळाले जेमतेम १५,९०० कोटी. पुढे जीएसटी आला आणि तेच ४०० रुपये राज्यांच्या महसुलाची तूट भरायला वळवले गेले.

हा दुय्यम प्रश्न? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. भोवताली खाणी. उन्हाळ्यात वाळत घातलेले कपडे झटकल्याशिवाय आम्हाला घरात नेता येत नाहीत. वीज जाते राज्यभर, कर जातो दिल्लीला आणि राख राहते आमच्याकडे. बरं, कर भरला कोणी? वीज केंद्राने नाही. एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरा, ४०० रुपये टनाने २६ पैसे होतात. ते तुमच्याआमच्या बिलात चढले. चिमणीला काय फरक पडला?

हिशेबनीस
तुमच्या आकड्यांबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. बिलात २६ पैसे चढले हेच तर अपेक्षित आहे. कोळशाची वीज तेवढी महाग झाली म्हणजे सौर विजेला तेवढी जागा मिळाली. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला सौर पार्कच्या लिलावात सौर वीज युनिटला २.४४ रुपयांवर आली. त्या स्पर्धेत २६ पैसे किरकोळ नाहीत. आणि राज्यांची तूट भरली म्हणून कर वाया गेला असं कसं? त्यातूनच आपल्या राज्यातल्या शिक्षकांचे पगार झाले असतील. प्रत्येक कराला स्वतंत्र डबा केला तर सरकार चालवता येणार नाही.

चांदागड
भडल्याचा दर चीनमधल्या पॅनेलच्या किमती कोसळल्यामुळे आला, त्याचं श्रेय उपकराला कशाला? वीज घेताना स्वस्त वीज देणारे संच आधी चालवतात, महाग मागे. सगळ्यांच्याच कोळशावर टनाला सारखेच ४०० चढले तर तो क्रम किती बदलणार? आणि शिक्षकांचे पगार द्यायचे होते तर शिक्षणाच्या नावाने कर घ्यायचा होता.

टेम्पोवाली
कोळशाचं राहू द्या, गाड्यांवरच्या पर्यावरण कराबद्दल बोला. राज्यात २०१० पासून आहे. मालवाहू गाडीला ८ वर्षं झाली की भरा, खासगी गाडीला १५ वर्षं झाली की भरा. आमचा भाजीचा टेम्पो आहे, आठवड्याच्या बाजारापुरता फिरतो. नवऱ्याच्या माघारी मीच चालवते. आणि आमच्या शेजारची नवी भलीमोठी डिझेल गाडी रोज शंभर किलोमीटर पळते, तिला हा कर शून्य. कर वयावर आहे, धुरावर नाही. पर्यावरण कुठे आलं यात?

खोकला_पुणे
ताई, तुमची अडचण कळते, पण जुन्या डिझेलचा धूर नव्या गाडीच्या कितीतरी पट असतो. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांच्या धुरासाठी बीएस-सहा हे कडक मानक आलं ते उगाच नाही. माझ्या मुलीला दर थंडीत नेब्युलायझर लावावा लागतो. आमची शाळेची वाट मंडईवरून जाते आणि सकाळी तिथे तुमच्यासारखेच टेम्पो उभे असतात, इंजिन चालू ठेवून. मला तरी हा कर कमीच वाटतो.

टेम्पोवाली
"तुमच्यासारखेच" म्हणजे? माझी पीयूसी आहे, इंजिनाचं काम मागच्याच पावसाळ्यात केलंय. तुमच्या मंडईत भाजी कशाने येते? मुलीला बरं वाटो, मनापासून. पण तिच्या खोकल्याचं बिल माझ्या दारात का?

खोकला_पुणे
कारण कुणाच्या तरी दारात ते यायलाच हवं! आत्ता ते फक्त माझ्या दारात येतं, दवाखान्याच्या कागदावर. आणि पीयूसीचं सांगू नका. आमच्या भागात नळी गाडीला न लावता कागद हातात देतात, मी उभं राहून पाहिलंय.

हिशेबनीस
दिल्लीत २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरात शिरणाऱ्या ट्रकांवर शुल्क लावलं, लहानांना ७०० आणि मोठ्यांना १,३०० रुपये. डिसेंबरमध्ये दुप्पट केलं. बाहेरून जाऊ शकणारा ट्रक शहरात शिरू नये, हा उद्देश होता. तिथे पर्याय होता: वळसा घ्या.

टेम्पोवाली
बरोबर बोललात, पर्याय होता. मला वळसा कुठून? नवा टेम्पो घ्यायला बँक कर्ज देईना. कागदपत्रांच्या वेळी एजंट घेतो ते वेगळंच. केंद्र सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची फेरनोंदणी महाग केली, मोटारीला १०,००० रुपये. गाडी मोडायला लावायची असेल तर सरळ म्हणा आणि नवीसाठी हात द्या.

खोकला_पुणे
हात द्यावा, हे मान्य. कर घेऊन त्या पैशातून जुना टेम्पो बदलायला मदत मिळत असेल तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण तोवर धूर फुकट, हे मान्य नाही.

चांदागड
म्हणजे पैसा कुठे जातो हा प्रश्न दुय्यम नाही. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

हिशेबनीस
गाड्यांपुरतं म्हणा. कोळशाचं वेगळं आहे. आणि खाणपट्ट्यासाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहेच की. खाणवाले सरकारला रॉयल्टी देतात, तिच्या १० किंवा ३० टक्के जादा रक्कम थेट जिल्ह्याला मिळते, तुमच्या चंद्रपूरलाही. ती कुठे गेली ते जिल्ह्यात विचारा.

चांदागड
विचारतोच आहोत. पण त्या वाटेने येतं ते खाणीच्या नावाने, चिमणीच्या नाही. आता कोळशाच्या "वेगळ्या" हिशेबाकडे बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०० रुपयांचा उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. खाणीवर १,४०० रुपये टनाचा कोळसा घ्या: आधी ७० अधिक ४००, म्हणजे ४७० रुपये कर. आता २५२. आणि ४,००० रुपयांचा चांगला कोळसा घ्या: आधी ६००, आता ७२०. स्वस्त, जास्त राखेच्या कोळशावरचा कर घटला आणि कमी राखेच्या कोळशावरचा वाढला. आमच्या केंद्रांत कोणता जळतो ते सांगायला नको. हा कर माणसाला कुठे वळवतोय?

हिशेबनीस
हे गणित बरोबर आहे. टनावरचा ठराविक कर काढून टक्केवारी लावणं प्रदूषणाच्या दृष्टीने उलटं आहे, हे मी मान्य करतो. पण म्हणून कर हे हत्यारच वाईट ठरत नाही. राखेवर किंवा गंधकावर कर लावा, मी पाठिंबा देतो.

टेम्पोवाली
आणि गाडीवर लावायचा तर किलोमीटरवर लावा. माझा टेम्पो तुमच्या यंत्रासमोर उभा करते, जेवढा धूर तेवढे पैसे घ्या. वयाचे नकोत.

चांदागड
राखेवर लावा, माझीही ना नाही. फक्त त्या रकमेचा जिल्हावार हिशेब दर वर्षी छापून आला पाहिजे. तो नसेल तर तुमच्या नव्या कराला मी पुन्हा विरोधच करणार.