तिसऱ्या घंटेच्या आधी : नाटकातल्या वादकांचे तालमीचे अनुभव

मंडळी, तालमींबद्दल नटांनी पुष्कळ लिहून ठेवलंय, दिग्दर्शकांनी त्याहून जास्त. विंगेला चिकटून किंवा रंगमंचाच्या पुढ्यात मांडी घालून बसणाऱ्यांनी मात्र फारसं लिहिलेलं नाही. हात गुंतलेले हे एक कारण, आणि कुणी विचारलं नाही हे दुसरं. म्हणून आपणच एकमेकांना विचारू या. पेटी, तबला, ढोलकी, व्हायोलिन, कीबोर्ड, जे काही वाजवत असाल ते. विषय एवढाच : पहिला प्रयोग लागायच्या आधीचे दिवस. प्रयोग कसा रंगला ते नको, त्याच्या आधीचं सांगा. सुरुवात माझ्यापासून.

ऑर्गनवाला, पुणे

सव्वीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गन वाजवतोय. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात उभं राहिलं तेव्हापासून आपल्या जमातीची नोकरी सुरू झाली म्हणायला हरकत नाही. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व कंपनीत तर थिरकवा खाँसाहेब तबल्याला बसत. कंपनीचं एक बरं होतं, सगळं बिऱ्हाड एकत्र, पदांची तालीम महिनोन्‌महिने चालायची. आता नायिका दुपारी मालिकेचं शूटिंग उरकून सात वाजता येते, आणि आम्ही पाच वाजल्यापासून स्वर लावून बसलेले असतो.

तालमीत वादकाचं मुख्य काम वाजवणं नसतंच. बसणं असतं. पावणेतीन तासांच्या नाटकात पदं बारा, त्यातली दिग्दर्शक रोज दोन घेतो, बाकी वेळ गद्य. तुम्ही म्हणाल, मग पद आल्यावरच जा. तसं चालत नाही. नटी कुठल्या वाक्यावर श्वास संपवते, कुठे आवाज चढवते, हे ऐकलं नाही तर तिला सा कधी द्यायचा तेच कळत नाही. माझ्या वहीत पदांपेक्षा गद्याच्या खुणाच जास्त आहेत. 'पदर सोडला की', 'दाराकडे दोन पावलं', असल्या.

एका नाटकाला बाई काळी चारच्या पट्टीत गायच्या. तिसऱ्या आठवड्यात गद्य बोलून बोलून गळा बसला. "मास्तर, जरा खाली घेऊ या?" घेतलं अर्धा स्वर खाली, पांढरी पाचमध्ये. तबलजींनी त्या पट्टीचा तबला घेतला, सगळं बसलं, रंगीत तालीमही तशीच झाली. शुभारंभाला थिएटर भरलेलं. त्या आवेशात बाईंनी पदाआधीचं वाक्य असं काही उंच उचललं की माझा सा कानावर न घेता सरळ काळी चारमध्ये उठल्या! व्हायोलिनवाल्याला निदान बोट सरकवता येतं, ऑर्गनला पट्ट्या. पहिल्या ओळीत मी नुसता षड्ज-पंचम धरून ठेवला आणि दुसऱ्या ओळीला बोटं अर्धा स्वर वर नेली. तबलजींकडे बघितलं तर त्यांनी तबल्यावरचा हात केव्हाच उचललेला. नुसता डावीकडचा डग्गा घुमवत होते, आणि पायाच्या अंगठ्याने मागे ठेवलेला काळी चारचा तबला पुढे ओढत होते. तो तिथे का ठेवला होता, असं नंतर विचारलं. म्हणाले, "तिसऱ्या आठवड्यातच ठेवला. घसा बरा झाला की बाई परत वर जाणार, हे दिसत होतं."

मला दिसलं नव्हतं.

डग्गा, रत्नागिरी

ऑर्गनवाले, तुमचे तबलजी भाग्यवान, त्यांना एकच नाटक होतं! इथे राज्य संगीत नाट्य स्पर्धा आली की साथीदार कमी आणि संस्था जास्त. एका वर्षी मी दोन नाटकं धरली. संध्याकाळी सहा ते नऊ एका शाळेत, साडेनऊ ते बारा दुसऱ्या संस्थेच्या गुरुजींच्या पडवीत. एकीकडे पौराणिक, दुसरीकडे ऐतिहासिक. दोन्हींत एकेक नाट्यपद झपतालातलं, दोन्ही साधारण एकाच चालीने उठणारी. आठव्या दिवशी मी ऐतिहासिक नाटकात पौराणिकाची तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. सरदाराची भूमिका करणारे आमचे पोस्टमास्तर काका तिहाईवर थांबेनात, त्यांचं पद पुढे चाललेलं, मी समेवर एकटाच. दिग्दर्शक म्हणाले, "सुंदर होतं. पण हे कुठलं?"

खरा त्रास पावसाचा. तालमी ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. कोकणातली ती हवा, पुडी म्हणजे वरचं कातडं सैल, त्यावरची काळी शाई ओलावलेली, संध्याकाळी सुरात चढवलेला तबला चहा पिऊन येईपर्यंत पाव स्वर उतरलेला. सूर चढवायला बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकावेत तर नेमकं तेव्हाच रंगमंचावर नायक बापाच्या मृत्यूचं ऐकत असतो. ठक् ठक् ठक्. एकदा त्या नटाने वाक्य तोडून मला विचारलं, "शवपेटी करताय का?"

उपाय आम्ही शोधला तो असा. तालमीच्या खोलीत शंभराचा पिवळा बल्ब टेबलाखाली लावायचा आणि त्याच्यापासून हातभर लांब तबला तिरका ठेवायचा. अगदी जवळ नाही, नाहीतर कातडं तडकतं. मात्र दर वीस मिनिटांनी फिरवायचा, पापड भाजल्यासारखा. बायकोने हे पाहिलं आणि म्हणाली, घरात मुलांच्या सर्दीला एवढं कधी बघितलं नाहीत.

बुवा, कुडाळकडचा

मी दशावतारात पेटी वाजवतंय. आमच्याकडे तालीम हा प्रकारच नाही, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जत्रेच्या देवळात संध्याकाळी पोचायचं, जेवायचं, मग मालक सांगणार आज कुठलं आख्यान ते. संहिता नाही. राजा झालेला माणूस जागेवर संवाद रचतो, मध्येच हात वर करून पद सुरू करतो, आम्ही पेटी, मृदंग आणि झांज त्याच्या मागून. गाणारा कुठल्या पट्टीत उठणार ते त्याच्या चालण्यावरून ओळखायचं. रात्री अकराला सुरू केलेलं पहाटेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा गाव.

असा मी, एकदा पावसाळ्यात रिकामा होतो म्हणून पणजीला एका संगीत नाटकाला पेटीला गेलो. तालमी बेचाळीस दिवस! दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणतात, "बुवा, कालच्यासारखंच वाजवा." म्हटलं, काल काय वाजवलेलं? त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. खरंच आठवत नव्हतं हो. मग त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं ऐकवलं. आणि मी, वय वर्षं एकावन्न, माझीच पेटी शिष्यासारखी बसवायला बसलो. दोन दिवस लागले. एक मुरकी तर शेवटपर्यंत आली नाही.

विसाव्या दिवशी सगळं पाठ झाल्यावर कंटाळा यायला लागला, मग भीती वाटली की कंटाळा पेटीत उतरेल. घरी फोन केला तर भाऊ विचारतो, "आज खयचा नाटक?" म्हटलं, "कालचाच." तो म्हणाला, "आणि परवाचा?" मी फोन ठेवला.

ऑर्गनवाला, पुणे

बुवा, "काल काय वाजवलेलं" हे आमच्या ग्रुपमध्ये आजपासून प्रमाण!

ढोलकी, जुन्नर तालुका

तमाशाचं सांगतो. आमचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो, म्हणून तालमी त्याच्या आधीचा महिनाभर. फडाच्या, म्हणजे तमाशा मंडळाच्या, गावाला पत्र्याच्या शेडमध्ये सगळे. नवं वगनाट्य, नव्या गाण्यांच्या चाली. गण-गवळण काय, हातात बसलेली असते, तिला कुणी तालीम म्हणत नाही. खरी मारामारी वगात. तलवार उपसली की हलगी, सरदार पडला की ढोलकी, बतावणीत सोंगाड्याने विनोद टाकला की लगेच एक थाप. सोंगाड्या रोज विनोद वेगळा टाकतो आणि माझ्याकडून थाप मात्र तिथेच हवी असते. आमच्या सोंगाड्याची एक सवय मी पकडली होती, हशा घ्यायच्या आधी तो डावा खांदा किंचित पाडतो. मी त्याच्या तोंडाकडे बघतच नाही, खांद्याकडे बघतो. चौदा वर्षं झाली, त्याला अजून माहीत नाही. (माहीत झालं तर मुद्दाम करील.)

तालमीच्या महिन्यात पैसा नसतो. जेवण फडाचं, बाकी उचल. एका फडात उचल देताना कागदावर एक आकडा आणि हातात दुसरा, असा प्रकार झाला. गुढीपाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांत पुढच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरत होत्या तेव्हा हिशेबाला बसलो, तर सहा महिने वाजवून मीच देणं लागत होतो. त्या फडाचं नाव लिहीत नाही. ढोलकी उचलली आणि दुसरीकडे गेलो.

ओलाव्याचं रत्नागिरीकरांनी लिहिलंय. हलगीला आम्ही सरळ पाचट पेटवून शेकतो. ढोलकीला ते चालत नाही, शाईच्या बाजूला तर नाहीच. ती उशाला घेऊन झोपायची, घोंगडीत गुंडाळून.

लॅपटॉप, ठाणे

मी कीबोर्डवाला, आणि आजकाल 'म्युझिक ऑपरेटर'ही मीच. जुने लोक आम्हाला वादक मानत नाहीत, चालायचंच. पण बुवांना हवं ते आमच्याकडे फुकट आहे, काल वाजलं तेच आज वाजतं. आणि तीच पंचाईत. एका नाटकात ज्येष्ठ नट पत्र वाचतात, मागे माझा बासष्ट सेकंदांचा ट्रॅक. तालमीच्या हॉलमध्ये चाळीस वेळा बरोबर बासष्ट सेकंद. मुंबईत थिएटरची तारीख मिळणं म्हणजे दिव्य, त्यामुळे सेट, लाइट आणि आवाज हे सगळं पहिल्यांदा एकत्र आलं ते शुभारंभाच्या सकाळी. काका खऱ्या सेटवरच्या खऱ्या खुर्चीत बसले, खरा पिवळा प्रकाश आला, आणि त्यांना पत्र वाचताना रडू आलं. थांबले. ट्रॅक काही थांबला नाही. क्लायमॅक्सचा झांजेचा ठोका पत्राच्या मधोमध.

दुपारी जेवायच्या सुट्टीत दिग्दर्शकाला म्हटलं, हा क्यू काढा, मी हाताने वाजवतो. प्रयोगाला काका थांबले नाहीत. पण मी हात पट्टीवर ठेवून होतो.

व्हायोलिनवाल्याची मुलगी, डोंबिवली

मी वादक नाही, चालेल ना? बाबा नाटकांत व्हायोलिन वाजवायचे, 1980 च्या दशकात. बँकेतून परस्पर तालमीला, मग शेवटच्या गाडीने घरी. तालमीच्या दिवसांत नाटक आम्हाला कळायचं ते त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवरून. जेवताना उजवा हात ताटात, डावा गुडघ्यावर, आणि तिथे चार बोटं चाललेली. आई म्हणायची, "आज करुण दिसतंय, आमटी वाढू की थांबू?" तोंडाने मात्र ते घरात नव्या नाटकातला एक सूर काढायचे नाहीत. पहिल्या प्रयोगाआधी चाल घराबाहेर राहावी असं त्यांचं काहीतरी होतं.

शुभारंभाला वादकांच्या घरच्यांना दोन पास, बाल्कनीत शेवटून दुसरी रांग. मी नऊ वर्षांची. तिथून बाबा दिसायचे नाहीत. विंगेच्या काळ्या पडद्याआडून फक्त गजाचं टोक वर येताना दिसायचं. मी अख्खं नाटक ते टोक बघत होते. आईने घरी येताना विचारलं, नाटक आवडलं का? मी म्हटलं, बाबा तिसऱ्या गाण्याला उशिरा आले. बाबा स्टेशनच्या पुलावर थांबलेच. म्हणाले, "हिला कुणी सांगितलं?"

वडसाकडचा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, एवढे लाड नाही भाऊ. धानाची कापणी होते, गावोगावी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागतात आणि रात्री नाटक, पार उजाडेपर्यंत. सीझन सुरू व्हायच्या आधी काय ती तालीम, ती पण वडशाला, नट निम्मे हजर. मी ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि तबला दोन्ही बघतो. पाठांतराला पुढे प्रॉम्प्टर असतोच, पण तो नटाला वाक्य देतो. आमाले कोण देते? मी प्रॉम्प्टरच्याच बाजूला बसतो. नटाच्या आधी मलाच नाटक कळते.

डग्गा, रत्नागिरी

वा, प्रॉम्प्टरची युक्ती चोरतोय. ऑर्गनवाले, एक विचारायचं राहिलं. आमच्या संस्थेच्या पायपेटीचं डावं पॅडल करकरतं. परवा रंगीत तालीम. तिसऱ्या अंकात नायक मोठा पॉज घेतो, नेमकं तेव्हाच भात्यात हवा भरावी लागते आणि सगळ्या हॉलला कर्र ऐकू जातं. खोबरेल घालू का?

ऑर्गनवाला, पुणे

तेल अजिबात नको, धूळ धरून आठवड्यात दुप्पट करकरेल. बिजागरी सुटी करून पुसा आणि मेणबत्तीचा तुकडा घासा. पॅडलच्या पट्ट्यालाही घासा. तरीही आवाज राहिला तर पॉजच्या आधीच्या वाक्याला भाता पूर्ण भरून घ्या आणि पाय उचला. वाक्य कुठलं आहे?

डग्गा, रत्नागिरी

"आता बोलण्यासारखं काही उरलं नाही."

ऑर्गनवाला, पुणे

मग 'बोलण्यासारखं'वर भरा. 'उरलं नाही'पर्यंत थांबलात तर उशीर होईल.