शैवाल वनस्पती की नाही? (आणि एका 'त'ची भानगड)

सूक्ष्मदर्शी:
काल 'गवताळ' यांनी लिहिलं, "हिरवं आहे, उन्हावर जगतं, चालत नाही, मग शैवाल वनस्पतीच. थॅलोफायटा (मूळ-खोड-पान नसलेल्या) ते आवृत्तबीजी (फळात बी असलेल्या) ही पाच खणांची मांडणी शंभरावर वर्षं चालली, ती मोडून कुणी काय मिळवलं?" वर पंधरा जणांचं "सहमत". म्हणून लिहायला बसलो.

अहो, शैवाल हे आडनाव नाही, धंद्याचं नाव आहे. पाण्यात राहून ऊन खाणारे जे जे दिसले ते त्यात कोंबले. शिंपीकाम करणारे सगळे एकाच आजोबांची नातवंडं असतात का?

तपकिरी शैवाल घ्या. मॅक्रोसिस्टिस हा केल्प, म्हणजे मोठं समुद्री शैवाल, ४५ मीटरपर्यंत वाढतो, समुद्रात जंगल उभं करतो, देठ-पान-मूळ सगळं असल्यासारखं दिसतं. पण त्याचं हरितलवक चार पटलांच्या आत बसलेलं, कारण त्याच्या कुण्या पूर्वजानं लाल शैवालाची पेशी गिळली आणि पचवली नाही. साठवण स्टार्चची नाही, लॅमिनॅरिनची. त्याची भावकी म्हणजे डायटम हे एकपेशीय शैवाल, आणि बटाट्यावर करपा आणणारा फायटॉफ्थोरा! नील-हरित शैवालाला तर केंद्रकच नाही, ते जिवाणू. शास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९६९ सालीच त्यांना मोनेरात, म्हणजे जिवाणूंच्या गटात, बसवलं. उलट कारा, स्पायरोगायरा ही हिरव्या शैवालांची मंडळी जमिनीवरच्या वनस्पतींच्या इतकी जवळची की स्पायरोगायराचं नातं अल्वा या हिरव्या शैवालापेक्षा गवताशी सख्खं.

गवताळ:
पटलं मोजत बसलो तर जन्म पुरायचा नाही. हातात आलेलं झाड ओळखता यावं म्हणून वर्गीकरण असतं. पाणी-अन्न नेणाऱ्या वाहिन्या आहेत का? बी आहे का? बी फळात आहे का? तीन प्रश्नांत काम होतं. २५ वर्षं हेच शिकवलं, कुणाचं अडलं नाही. तुमच्या डीएनएवाल्यांचं काय? एपीजी, म्हणजे त्यांची सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी, १९९८, मग २००३, मग २००९, मग २०१६. दर वेळी पाट्या रंगवायच्या. कमळाला कुमुदाशेजारून उचललं आणि प्लॅटॅनससारख्या वृक्षाजवळ नेऊन बसवलं. डोळे दिलेत ना देवानं?

परागकण:
डोळ्यांनीच बघायचं तर सूक्ष्मदर्शकातून बघा की. कमळाच्या परागाला तीन खाचा, कुमुदाला तशा नाहीत. सोनचाफ्याला बीजपत्रं दोन, पण पराग एकबीजपत्र्यांसारखा एका खाचेचा. म्हणजे 'द्विबीजपत्री' हाही एकसंध गट नव्हेच. यातलं काहीही कळायला डीएनए लागत नाही.

आणि तुमच्या तीन प्रश्नांचं सांगतो. डबक्यावरचा हिरवा थर मी बरीच वर्षं शेवाळ समजत होतो. एकदा भिंगाखाली धरला. वुल्फिया निघाली! मिलिमीटरभराचाही नाही असा दाणा, मूळ नाही, वाहिन्या नाहीत. तुमच्या पहिल्याच प्रश्नात नापास. पण तिला फूल येतं.

शब्दकिडा:
अवांतर, पण राहवत नाही. सगळे 'आवृत्तबीजी' लिहिताय. आवृत्त म्हणजे फिरून आलेलं, 'आवृत्ती' त्यातलीच. झाकलेलं ते आवृत. एका जादा 'त'नं बी झाकायच्या ऐवजी पुन्हा छापून काढलंत. बी न येणाऱ्या वनस्पतींना 'अबीजपत्री' म्हणतात, ते तर त्याहून थोर. बीच नाही तिथं बीजपत्र नाही हे वेगळं सांगायचं? अबीजी म्हणा. भिंतीवरची मखमल म्हणजे हरिता (मॉस), डबक्यातला बुळबुळीत तंतू म्हणजे शैवाल, आणि आपण दोन्हीला शेवाळ म्हणतो. निम्मं भांडण इथंच आहे.

गवताळ:
पाठ्यपुस्तकात दोन 'त' आहेत. पोरांनी एक लिहिला तर गुण तुम्ही देणार का?

नेचेवेडी:
हा विषय काढू नका. मी परीक्षेत 'अनावृतबीजी' (बी उघडं असलेल्या) लिहिलं होतं. परीक्षकांनी लाल शाईनं दुसरा 'त' घुसवला आणि अर्धा गुण कापला. वीस वर्षं झाली, झोपेत उठवलं तरी ती उत्तरपत्रिका दिसते.

शब्दकिडा:
धन्य! त्यापेक्षा 'प्रकटबीज' हा सरळ मराठी शब्द आहे, त्यात 'त'च नाही.

गवताळ:
मग बाकीच्यांनी काय शिकलेलं विसरायचं? संस्कृत पाठ केलं म्हणून वनस्पतिशास्त्र येत नाही, साहेब.

शब्दकिडा:
आणि चुकीचं २५ वर्षं शिकवलं म्हणून ते बरोबर होत नाही.

सूक्ष्मदर्शी:
मी शैवालाबद्दल लिहिलं होतं. इथं शुद्धलेखनाचा वर्ग भरलाय.

नेचेवेडी:
बरं, विषयावर येते. टेरिडोफायटा, म्हणजे वाहिन्या असून बी नसलेल्यांचा खण, हेही एक घराणं नाही. त्यातले सेलाजिनेला आणि लायकोपोडियम फार आधी वेगळे निघाले. माझे लाडके नेचे त्यांच्यापेक्षा बीजधारी झाडांना जवळचे. तरी गवताळ सरांचा मुद्दा मला सोडवत नाही. लहानपणी नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके कीड समजून मी ओल्या फडक्यानं पुसले होते. ते बीजाणूंचे पुंजके आहेत हे ज्या पुस्तकानं शिकवलं, ते जुन्या पाच खणांचंच होतं. आणि खण तरी कुठे घट्ट आहेत? बी धरणाऱ्या गिंको आणि सायकसचे शुक्राणू अजून पोहतात. हिरासे आणि इकेनो या जपानी शास्त्रज्ञांनी १८९६ मध्ये दाखवलं. बी आलं, पाण्याची सवय सुटली नाही.

गवताळ:
ठीक. नील-हरित सोडली, घेऊन जा जिवाणूंकडे. केल्पही न्या, मला समुद्राचं तसंही काही कळत नाही. पण हिरवी शैवालं माझ्या वनस्पतींतच राहणार, आणि सूक्ष्मदर्शींच्याच हिशोबानं राहतात. म्हणजे निम्मा तरी मी बरोबर होतो.

सूक्ष्मदर्शी:
निम्मा. तोही चुकीच्या कारणानं. हिरवी आहेत म्हणून नव्हे, नातं आहे म्हणून.

गवताळ:
चालेल. 'त' मात्र मी दोनच लिहिणार.

नेचेवेडी:
सर, एक विचारू? तुम्ही पेपर तपासायला लाल शाई वापरायचात का?