सिबिल ६१२ दाखवते म्हणून म्हशीचं कर्ज अडलं, स्कोर वाढवाले काय करावं?

आर्णीकर_कास्तकार
राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातला, पाच एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. गावात आता दुधाची गाडी रोज येते म्हणून दोन म्हशी घ्याचं ठरवलं, बँकेत अर्ज टाकला, सगळे कागद दिले, सातबारा, आठ अ, कोटेशन सगळं. साहेबांनी कॉम्प्युटरवर पाह्यलं अन् म्हणाले सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डचा स्कोर, ६१२ आहे, यात बसत नाही. कावून कमी आहे विचारलं तर म्हणे ते तुमचं तुम्ही पाहा. आजवर कोणाचा एक रुपया बुडवला नाही. पीककर्ज दरवर्षी नवं-जुनं करतो, म्हणजे जुनं भरून नवं उचलतो, एक मोबाईल हप्त्यावर घेतला होता तो कधीचा फिटला. चुलतभावाच्या ट्रॅक्टरले जामीन आहो पण ते कर्ज त्याचं आहे. आता तालुक्यात एक जण म्हणून राहिला की ५ हजार दे, महिन्यात स्कोर ७५० करून देतो. द्यावे का? अन् हे सिबिल एवढं पाहतेत कायले, शेती तर आपली तीच आहे न.

निवृत्त_बँकवाला_वाशीम
भाऊ, पहिले ते ५ हजार खिशातच ठेवा. बाहेरच्या कोणालाच रिपोर्टमधली ओळ पुसता येत नाही. सिबिल कंपनीसुद्धा आपल्या मनानं पुसत नाही, ज्या बँकेनं किंवा फायनान्सनं ती माहिती पाठवली तिनं दुरुस्त करून पाठवली तरच बदलते. तो माणूस तुमच्याकडून आधार, पॅन अन् ओटीपी घेईल, तो धोका पैशापेक्षा मोठा.

स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असला की बहुतेक ठिकाणी काम सोपं जातं, व्याजदरातही फरक पडतो. पण नुसता आकडा ऐकून काही कळत नाही, डॉक्टरनं ताप आहे म्हटलं तरी कशाचा ते रक्त तपासल्यावरच कळते तसं. पूर्ण रिपोर्ट काढा. देशात कर्जाचा असा रेकॉर्ड ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच आहे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर जा, पॅन अन् मोबाईल नंबर टाका, ओटीपी येतो. पैसे मागणारं पान उघडलं तर फुकटचा पर्याय शोधा, तो असतोच. आपला रिपोर्ट आपण पाहिल्यानं स्कोर कमी होत नाही, ही भीती बऱ्याच लोकांच्या मनात आहे ती काढून टाका.

आणि जामीनदाराबद्दल: ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमधे येतं. तिथं नक्की पाहा.

दिग्रस_शेती
काका शेतकऱ्याले सिबिल लागतच नाही ना, मुख्यमंत्र्यांनी बँकवाल्याईले सांगितलं होतं पीककर्जासाठी सिबिल मागाचं नाही म्हणून. भाऊनं सरळ तक्रार करावी.

निवृत्त_बँकवाला_वाशीम
दिग्रसवाले भाऊ, ते बोलले ते पीककर्जाबद्दल. म्हशी, ट्रॅक्टर, विहीर, पाईपलाईन हे मुदतीचं कर्ज, तिथं बँक जुना व्यवहार पाहतेच. अन् खाजगी फायनान्स तर दुसरं काही पाहतच नाही. आणखी एक समजून घ्या, अमुक स्कोर पाहिजेच असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. २०२५ च्या ऑगस्टमधे केंद्राच्या अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत हेच सांगितलं, की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला जुना इतिहास नाही एवढ्या कारणावरून नाकारू नये. पण इतिहास नसणं वेगळं अन् इतिहासात थकबाकी असणं वेगळं. ज्या पोराचा काहीच रेकॉर्ड नाही त्याच्यासाठी मंत्र्यांचं उत्तर कामाचं आहे, आर्णीच्या भाऊंचा प्रश्न दुसरा आहे. ते कोणाचे पैसे बुडवत नाहीत यावर माझा विश्वास आहे, पण बँकेला माणूस दिसत नाही, तारीख दिसते. पैसा आला का यापेक्षा ठरलेल्या दिवशी आला का, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं असतं.

आर्णीकर_कास्तकार
काका रिपोर्ट काढला, पोरीनं मोबाईलवर काढून दिला, बावीस पानं आहेत. त्यात असं दिसून राहिलं:

पीककर्जाच्या खात्यासमोर महिन्याचे चौकोन आहेत, बऱ्याच चौकोनात ००० आहे, पण दरवर्षी एप्रिल अन् मे मधे ०३० अन् ०६१ आहे. मोबाईलच्या कर्जासमोर खातं चालू अन् थकबाकी ३५४ रुपये लिहिलं आहे, ते तर फिटलं होतं. ट्रॅक्टरच्या कर्जासमोर जामीनदार लिहून आहे, तिथं यंदा ०९० च्या वर आकडे. अन् शेवटी चौकशीच्या यादीत एकाच महिन्यात सहा फायनान्सची नावं, त्यातल्या चार मी कधी ऐकल्या पण नाहीत.

निवृत्त_बँकवाला_वाशीम
आता बरोबर दिसते सगळं. एकेक घ्या.

ते ०३०, ०६१ म्हणजे मुदत टळून गेलेले दिवस. पीककर्जाची तारीख मार्चअखेर, तुम्ही नवं-जुनं करता पेरणीच्या आधी जूनच्या सुरुवातीला, म्हणून दरवर्षी दोन चौकोन लाल. पीककर्ज एनपीए (बुडीत खातं) व्हायला दोन हंगाम जावे लागतात म्हणून बँकेत कोणी काही बोलत नाही, आपल्यालाही वाटते सगळं बरोबर आहे, पण रिपोर्टात उशीर दिवसानं मोजल्या जातो आणि मागचे ३६ महिने समोर दिसत राहतात. दुसरा तोटा पैशाचा. मुदतीत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळून व्याज ४ टक्क्यांवर येतं, अन् राज्याची आपल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची जी व्याज सवलत योजना आहे तिच्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. मुदत टळल्यावर भरणारा सवलत गमावतो. माझ्या शाखेत दर एप्रिलला हेच पाहत आलो, घरात कापूस भाव वाढायची वाट पाहत पडलेला आणि तिकडं तारीख गेली. पूर्ण कापूस विकू नका म्हणा, पण कर्जापुरता तरी फेब्रुवारीत काढा.

मोबाईलचे ३५४ रुपये म्हणजे बहुतेक एखादा हप्ता खात्यातून कटला नाही त्याचा बाउन्स चार्ज. आपल्या इकडं हे फार होते. हप्ता एका खात्याला जोडलेला अन् पीएम किसानचे पैसे आधार जोडलेल्या दुसऱ्याच खात्यात. नंतर हप्ता भरला जातो, दंड राहून जातो, खातं बंदच होत नाही. तो दंड बरोबर आहे का ते विचारा, बरोबर असेल तर भरा, आणि नाहरकत दाखला घेतल्याशिवाय उठू नका. १ जानेवारी २०२५ पासून बँका अन् फायनान्सनी निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायची आहे, म्हणजे खातं बंद झालं की महिन्याभरात दिसायला पाहिजे.

न दिसलं तर सिबिलच्या साईटवर त्या ओळीवर हरकत नोंदवा, पैसे लागत नाहीत. ३० दिवसात निकाली काढायचा नियम आहे, त्याच्यापुढं गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. तरीही कोणी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, १४४४८ वर फोन करून विचारा, पद्धत सांगतात. मूळ तक्रार लेखी द्या अन् पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुठंच टिकत नाही.

सहा चौकश्या कशा आल्या ते आठवून पाहा. कर्ज मिळते का पाहू म्हणून कोणत्या दुकानात किंवा ॲपवर पॅन टाकला होता का? बँकेनं किंवा फायनान्सनं कर्जाच्या अर्जावरून पाहिलं की तिथं नोंद होते अन् एकाच महिन्यात गर्दी झाली की हा माणूस पैशासाठी सगळीकडं फिरतो असं दिसते. आता सहा महिने कुठंच नवीन अर्ज नको.

वरुड_संत्राबाग
काकाईनं बरोबर सांगितलं. मी एक जोडतो, हप्त्याचा महिना. आपला पैसा वर्षातून एकदोनदा येते, कापसाचा चुकारा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, आमच्या संत्र्याचा बहार पाहून. अन् फायनान्सवाला महिन्याचा हप्ता लावून देते, मंग जुलै ऑगस्टमधे, जेव्हा खत फवारणीतच सगळा पैसा गेला असते, तेव्हा हप्ता तुटते. शेतीचं कर्ज घेताना सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागाचा, हप्ता पिकाच्या हंगामाशी जुळवून द्यावा असं रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. म्हशीचं वेगळं, दुधाचा पैसा दहा दिवसानं येते, तिथं महिन्याचा हप्ता चालते, पण भाकड काळ धरून चला.

अन् चुलतभावाच्या ट्रॅक्टरमधे फायनान्सवाला सेटलमेंटची ऑफर घेऊन येईल, अर्ध्यात मिटवतो म्हणून. मिटवाच्या आधी पन्नासदा विचार करा. आमच्या शेजाऱ्यानं मिटवलं, त्याच्या रिपोर्टवर खातं 'सेटल्ड' म्हणून दिसते, 'क्लोज्ड' म्हणून नाही, अन् ही माहिती कमीत कमी सात वर्षं ठेवतेत. त्याले अजून कोणती बँक दारात उभी करत नाही. ज्याले खरंच काहीच जमत नाही त्याच्यासाठी ओटीएस (अशी एकरकमी तडजोड) ठीक आहे, पण जमत असेल तर पूर्ण भरून क्लोज्ड करून घ्यावं.

वैशाली_कारंजा
बायकांच्या बाजूनं पण लिहिते कारण गावात हा विषय कोणी काढतच नाही. बचत गटाला बँकेचं कर्ज मिळतं ते गटाच्या नावानं, पण मायक्रोफायनान्सवाले जे देतात ते प्रत्येक बाईच्या आपल्या नावानं असते, हप्ता सगळ्या मिळून भरत असलो तरी. आमच्या गावात केंद्रप्रमुख बाईनं हप्ते गोळा केले अन् भरलेच नाहीत, थकबाकी लागली ती त्या दहा जणींच्या नावावर. कार्डावर सही झाली, पैसे दिले, पण कंपनीची पावती कोणाकडंच नव्हती. एकीनं नंतर शिलाई मशीनसाठी अर्ज केला तेव्हा कळलं. म्हणून मी सगळ्याईले सांगते, कार्डावरची सही वेगळी अन् कंपनीचा मेसेज किंवा पावती वेगळी, पावती घ्यावीच. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की अशा कर्जात घराचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. तीन तीन कंपन्यांचं कर्ज एकाच घरात घ्यायच्या आधी हा हिशोब घरीच मांडावा, कागदावर उत्पन्न वाढवून लिहिणारे पुष्कळ आहेत.

आर्णीचे दादा, वहिनीच्या नावानं काही रेकॉर्ड आहे का? तिचा पण रिपोर्ट काढा. तिचा स्वच्छ असेल तर म्हशी तिच्या नावानं घेता येतात, फक्त बँक नवरा-बायको दोघांचंही पाहते का ते विचारून घ्या.

आर्णीकर_कास्तकार
ताई तिच्या नावानं फक्त गटाचं आहे, रिपोर्ट काढतो. काका, पॅनचं आठवलं, दसऱ्याले पोराच्या गाडीसाठी शोरूममधे दिला होता, त्यानंच सगळीकडं टाकला असल. मोबाईलवाल्याईले फोन केला, म्हणे चार्ज आहे, भरा. पावती मागितली तर म्हणे ॲपमधे येईल, मी म्हटलं लेखी नाहरकत पाहिजे. चुलतभावाशी बोललो, त्याचे दोन सहामाही हप्ते बाकी आहेत, तुरीचा चुकारा आला की एक भरतो म्हणते. जामिनातून नाव काढता येते का पण?

निवृत्त_बँकवाला_वाशीम
काढता येतं, पण फायनान्स तयार झालं तरच, अन् ते दुसरा जामीनदार आणा म्हणतील. सध्या थकबाकी असताना तर ऐकणारच नाहीत. त्याला दोन्ही नाही जमले तर निदान जुना हप्ता आधी भरायला लावा, मुदत टळलेले दिवस जुन्यापासून मोजल्या जातात, जुना भरला की आकडा खाली येतो. तुरीचे पैसे यायच्या दिवशी त्याच्यासोबत स्वतः जा अन् भरल्याची पावती तुमच्याकडंही ठेवा.

पीककर्ज यंदा मार्चच्या आत. नवीन कर्ज लगेच नाही मिळालं तर पेरणीला अडचण येईल म्हणून लोक थांबतात, तर शाखेत आधीच विचारून ठेवा की भरल्यावर किती दिवसात परत मंजूर करता. काही चांगली नोंद लवकर बनवायची असेल तर छोट्या एफडीवर क्रेडिट कार्ड मिळतं, त्याच्यावर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च, महिन्याचं बिल पूर्ण भरायचं, किमान रक्कम नाही. पण कार्ड सांभाळायची सवय नसेल तर घेऊच नका, ३६ टक्क्यांच्या आसपास व्याज जाते वर्षाला.

मे मधे पुन्हा रिपोर्ट पाहा, सिबिलचा फुकटचा यंदाचा झाला असेल तर बाकी तिघांपैकी एकाचा काढा. तोवर शाखेत त्या अर्जाचं नाकारल्याचं कारण लेखी मागून ठेवा, दुसऱ्यांदा जाल तेव्हा तेच कागद पुढं करता येतील.

आर्णीकर_कास्तकार
चालते काका. सोमवारी आर्णीले जातो, नाहरकत अन् ते लेखी कारण दोन्ही मागतो. इथंच टाकतो काय झालं ते.