कालवांना खाद्य विकत घालावं लागत नाही, मग कालवशेती वाढायला अडतंय कुठे?

खारंपाणी:
नमस्कार मंडळी. मत्स्यविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला कालवांची (ऑयस्टरची) शेती घेतलीय आणि जेवढं वाचतोय तेवढा गोंधळ वाढतोय. कोळंबी म्हणा, सालमन म्हणा, सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा. कालवं तर पाण्यातलं प्लवंग म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातात, गोडं पाणी नको, खत नको, वर पाणी स्वच्छ करून देतात ते वेगळंच. असं असून जगातलं 80 टक्क्यांहून जास्त उत्पादन एकट्या चीनमधून येतं आणि बाकी बऱ्याच देशांत हा धंदा रखडत चाललाय. गिऱ्हाईक नाही म्हणून, की दुसरंच काही कारण आहे? काम केलेल्यांनी सांगा प्लीज.

टाकीतलं_पाणी:
मी काही वर्षं हॅचरीत, म्हणजे कालवांची पैदास करणाऱ्या केंद्रात, काम केलंय त्यामुळे माझं उत्तर एकच, बी, म्हणजे वाढवायला टाकायची लहान कालवं. गिऱ्हाईक असतं, ऑर्डरी असतात, पण वेळेवर आणि पुरेसं बी मिळत नाही. समुद्रात कलेक्टर (पिल्लांना चिकटायला ठेवलेला आधार) टाकून बी धरायचं तर एखादं वर्ष भरपूर येतं आणि पुढच्या वर्षी काहीच नाही, त्याच्यावर कर्ज काढून धंदा कसा करणार. म्हणून हॅचरी. तिथे पिल्लं दोनेक आठवडे, कधी तीन आठवडे पोहत असतात मग चिकटतात, तोवर त्यांना जिवंत शेवाळ वाढवून घालावं लागतं, म्हणजे खाद्याचा खर्च नाही हे बी तयार होईपर्यंत खरं नाही बरं का, हे तुझ्या प्रोजेक्टमध्ये नक्की लिही.

आणि पाणी. अमेरिकेत ओरेगॉनच्या नेटार्ट्स खाडीवर व्हिस्की क्रीक नावाची हॅचरी आहे, 2007-08 मध्ये त्यांच्याकडे पिल्लं टाक्याच्या टाक्या मरायला लागली. आधी जंतूंचा संशय होता, फिल्टर बदलले, काही फरक नाही. नंतर शास्त्रज्ञांबरोबर मोजमाप केलं तेव्हा कळलं की वाऱ्यामुळे समुद्राच्या खालच्या थरातलं थंड, कार्बन डायऑक्साइड जास्त असलेलं पाणी वर येतंय आणि आम्लता वाढतेय. पिल्लू पहिल्या दोन दिवसांतच आपलं पहिलं कवच बांधतं, तेही अंड्यातल्या शिदोरीवर, त्यात पाण्याची आम्लता वाढलेली असेल तर सगळी ताकद कवचातच संपते. मग त्यांनी आम्लता कमी करायला पाण्यात सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) सोडायला सुरुवात केली आणि टाक्या दुपारनंतर भरायला लागले, कारण दिवसभरात खाडीतलं समुद्रगवत कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. हॅचरी वाचली. पण हे टाकीत जमतं, उघड्या खाडीत कोण सोडा टाकणार?

ओहोटी:
ताईंचं बरोबर आहे पण बी मिळालं म्हणजे सुटलो असं नाही, रोग राहिलाच. पॅसिफिक कालवांचा हर्पिस व्हायरस वाच. माणसाला त्याचा काही त्रास नाही, कालवाच्या पिल्लांना मात्र काही दिवसांत साफ करतो, पाणी तापलं की जोर धरतो. 2008 पासून फ्रान्समध्ये लहान कालवांची प्रचंड मर झाली, 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात दिसला आणि 2016 मध्ये तिथल्याच टास्मानिया राज्यात पोचला. आता बघ, साउथ ऑस्ट्रेलियातले शेतकरी बहुतेक बी टास्मानियातून आणायचे, रोग आल्यावर ते आणणं बंद झालं. यांच्या पाण्यात रोग नाही, पिंजरे चांगले, माणसं तयार आणि टाकायला बी नाही! एका व्हायरसने दुसऱ्या राज्यातलं पीक अडवलं. बी दोन-तीन ठिकाणांहूनच येत असेल तर हे कुठेही होणार, मला तरी हीच सगळ्यात मोठी कमजोरी वाटते.

नांगर:
दोघांचंही मान्य, पण पीक तयार झाल्यावर जे होतं ते जास्त जिव्हारी लागतं. कालव पाणी गाळतं म्हणून आपण कौतुक करतो, पण सांडपाणी आलं तर तेही गाळतं आणि माणसाला उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस अंगात साठतो. स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवून बरेचसे बॅक्टेरिया निघतात, हा मात्र चिवट, नीट निघत नाही. 2023 च्या डिसेंबरात फ्रान्सच्या आर्काशों खाडीतल्या कालवांची विक्री ऐन नववर्षाच्या तोंडावर बंद करावी लागली, वर्षातला मुख्य धंदा तोच. अतिपावसात गटारं भरून वाहिली, त्यात शेतकऱ्याचा काय दोष? दीड-दोन वर्षं पोसलेला माल हातात आणि विकायची बंदी. भरपाई कोणी द्यायची यावर भांडण, म्हणून बँका आणि विमावाले पण हात आखडतात.

परवान्यांचं तर विचारूच नको, खाडी एकच आणि त्यात होड्या, मासेमारी, पर्यटन, किनाऱ्यावर घरं असलेले लोक सगळ्यांना ती हवी, पिंजरे डोळ्यासमोर नको म्हणून हरकती येतात आणि लीजला (खाडीतली जागा भाड्याने मिळायला) वर्षानुवर्षं लागतात.

खारंपाणी:
बापरे, मी खाद्याच्याच हिशेबात अडकलो होतो. ओहोटी दादा, रोगाला टिकणारी जात काढता येत नाही का? आणि ट्रिप्लॉइडबद्दल (गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेली कालवं) पण वाचलं.

ओहोटी:
येते की, फ्रान्स-ऑस्ट्रेलियात निवड करून जास्त तग धरणारं बी काढलंय, पण त्याला पिढ्या लागतात आणि एका रोगाला टिकलं म्हणजे उन्हाच्या तडाख्याला टिकेल असं नाही. ट्रिप्लॉइडचं वेगळं, ते अंडी-शुक्राणूंवर ताकद घालवत नाहीत म्हणून भराभर वाढतात आणि उन्हाळ्यातही भरलेले राहतात. पण ते स्वतःहून पैदास करत नाहीत म्हणजे दरवेळी बी हॅचरीतूनच, फिरून ताईंच्या टाकीपाशीच आलो.

टाकीतलं_पाणी:
खारंपाणी, एक कर. नुसते उत्पादनाचे आकडे लावू नकोस, एक खाडी घे आणि तिच्यात वरून काय काय येऊन मिळतं, कुठलं गटार, कुठली शेतं, ते नकाशावर काढ. अडलं तर इथेच विचार, मी बघते.