युद्धक्षेत्रात स्वतंत्र छायाचित्रण : विमा आणि प्रशिक्षणाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी स्वतंत्र छायाचित्रकार असून संघर्षग्रस्त भागात काम करण्याची तयारी करत आहे. वृत्तसंस्थेचे पाठबळ नसलेल्या छायाचित्रकाराला युद्धक्षेत्रासाठीचा विमा कोणत्या अटींवर मिळतो, आणि जखमी झाल्यास तेथून बाहेर काढून रुग्णालयात पोहोचवण्याचा खर्च त्यात धरलेला असतो का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०११ मध्ये लिबियातील मिसराता येथे युद्धाचे वार्तांकन करणारे छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन यांचा मांडीच्या जखमेतून झालेल्या रक्तस्रावाने मृत्यू झाला, आणि त्यानंतर त्यांचे सहकारी सबॅस्टियन युंगर यांनी स्वतंत्र पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी ‘रिस्क’ ही संस्था उभी केली. रक्तस्राव थांबवणारा पट्टा अंधारात, धावून दम लागलेला असताना, स्वतःच्याच मांडीवर आवळण्याचा सराव करून घेणारे असे प्रशिक्षण कुठे मिळेल? नुसत्या चित्रफिती दाखवणारे वर्ग पुरेसे नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय, छायाचित्राच्या फाइलमध्ये आपोआप नोंदले जाणारे ठिकाण, ज्यावरून चित्रातील कुटुंबाचा आसरा शोधता येऊ शकतो, ते संपादकांकडे पाठवण्यापूर्वी आपण कोणत्या पद्धतीने काढून टाकता?