मदत हवी आहे : लहान लेकरांच्या घरात कोणता पोपट आणावा? (आर्वी तालुका)

कपाशीची_ओळ
नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. कपाशी, तूर, थोडा हरभरा. घरात आम्ही दोघं, सासूबाई, दीर, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. दोन्ही लेकरांनी पोपटाचा ध्यास घेतलाय. मोठीला बोलणारा हवा, धाकट्याला हातात घेता येणारा.

अडचण अशी की दिरानं बाजारातल्या एका माणसाला हिरव्या पोपटाच्या पिल्लासाठी इसार देऊन ठेवलाय. तो म्हणतो, पुढच्या बाजारी आणून देतो, अजून पंख फुटायचे आहेत. माझं मन घेत नाही. गावात दोन-तीन घरी असे मिठ्ठू आहेत, त्यांना कोणी काही म्हटलेलं नाही. पण मोठीला शाळेत सरांनी सांगितलं की हा पोपट पाळणं गुन्हा आहे. तेव्हापासून ती घाबरलीय, आणि पोपट तर हवाच आहे.

मग दुसरा कोणता आणावा? बजी, कॉकटिएल, लव्हबर्ड ही नावं ऐकली आहेत. घरची परिस्थिती सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. सासूबाईंना दमा आहे. मागचं घर कवेलूचं आहे, पुढची खोली टिनाची. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नेमकी दुपारीच लाइट जाते. घरात मांजर आहे, कोठ्यात अधूनमधून धामण निघते. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत, पण त्यांच्याकडे सगळी गुरंच येतात. हौसेनं आणलेला जीव आमच्या घरात हाल होऊन मरू नये, बाकी माझी काही अट नाही. पुढच्या बाजाराच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

रानपाखरू
ताई, आधी इसाराचं बघा. सरांनी सांगितलं ते खरं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडचे सगळे रानपोपट संरक्षित आहेत. गळ्यात कंठ असलेला नेहमीचा हिरवा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळट-लाल डोक्याचा लहान पोपट, सगळेच त्यात आले. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि त्यात हिरवा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विकणारा बाजार उठला की निघून जाईल, पिंजरा तुमच्या ओसरीत राहील.

त्याहून वाईट वाटतं ते पिल्लांचं. होळीच्या आसपास ढोलीतून पिल्लं काढतात. ढोलीत हात पोहोचला नाही तर फांदीच तोडतात, म्हणजे ती ढोली पुढच्या वर्षीही गेली. डोळे जेमतेम उघडलेली पिल्लं टोपलीत भरून बाजारात येतात, त्यांना भिजवलेली डाळ कोंबतात आणि त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. आपण विकत घेतलं नाही तर पुढच्या वर्षी ढोलीत हात घालायचं कारणच उरत नाही. दिराला हे शांतपणे सांगा. इसार बुडाला तर बुडू द्या.

विकणाऱ्याबद्दल कळवायचं असेल तर वनविभागाचा 1926 हा नंबर आहे.

वऱ्हाडी_माणूस
माया आज्याकडं मिठ्ठू होता. सीताराम म्हणे, आल्या-गेल्याले हाक मारे, आजा जेवाले बसला का त्याच्या ताटातलं खाये. घरातला माणूस होता तो. कायदा हाये हे मले ठाव नव्हतं. अन् आता ज्याच्या घरी जुना मिठ्ठू हाये त्यानं काय करावं? सोडून देऊ का?

रानपाखरू
भाऊ, नुसता उडवून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाच्या पंखांत ताकद नसते, त्याला खाणं शोधता येत नाही, मांजर-कुत्र्याची भीती माहीत नसते. 1926 वर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं जखमी आणि सुटका केलेल्या वन्यजीवांवर उपचार होतात.

पिंजरा_मोठा_हवा
कपाशीची_ओळ ताई, मी अमरावतीकडची. माझ्याकडे बजी आहेत, आधी कॉकटिएलही होते. तुमच्या घरासाठी मी बजीच सांगेन. का ते सांगते.

बजी मूळ ऑस्ट्रेलियाचे. आपल्याकडे कितीतरी पिढ्यांपासून पिंजऱ्यातच त्यांची पैदास होते, त्यामुळे पाळायला कायद्याची आडकाठी नाही. कॉकटिएलचंही तेच. अंग जेमतेम 30 ते 40 ग्रॅमचं, चोच लहान. चावलाच तर लेकरू दचकेल, रक्त निघेल असं सहसा होत नाही. लव्हबर्ड दिसायला गोड, पण त्याची चोच भारी आणि स्वभाव तापट. चार वर्षांच्या मुलाच्या घरात मी तो आणणार नाही. आपल्याकडे पुष्कळ दुकानदार बजीलाच लव्हबर्ड म्हणतात, म्हणून नावावर जाऊ नका, पक्षी बघून घ्या. बजीच्या अंगावर, डोक्यावर आणि पाठीवर बारीक काळ्या लहरी असतात आणि शेपटी लांब असते. लव्हबर्ड ठेंगणा, शेपटी आखूड, डोकं मोठं.

कॉकटिएल खरं तर लेकरांशी सगळ्यात शांत वागतो. खांद्यावर बसतो, शिट्टी शिकतो, 15-20 वर्षं जगतो. तरी तुमच्याकडे तो नको, कारण त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. भांड्यावर, अंथरुणावर बसते. दम्याच्या माणसाला ती फार त्रास देईल. बजीची भुकटी त्याहून बरीच कमी असते, पण असते. म्हणून आधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा. ते नको म्हणाले तर पक्षी आणूच नका, हे मी मनापासून सांगते. हो म्हणाले तरी पिंजरा त्यांच्या झोपायच्या खोलीत नको, आणि विष्ठेचा कागद झटकायचा नाही, ओला करून गुंडाळायचा. आणि झाडलोट सासूबाईंकडे ठेवू नका.

बोलण्याचं : बजीचा नर बोलतो. आवाज बारीक आणि भरभर, मिठ्ठूसारखा ठणठणीत नाही, पण कान दिला की कळतं. सगळ्यात जास्त शब्दांचा गिनीज विक्रम एका बजीच्याच नावावर आहे, 1,728 शब्दांचा. तुमचा तेवढा बोलेल असं नाही, एखादा अजिबात बोलत नाही, हे मोठीला आधीच सांगून ठेवा. नर ओळखायचा तो चोचीच्या वरच्या मऊ भागावरून, जिथं नाकपुड्या असतात. वयात आलेल्या नराचा तो भाग निळा असतो, मादीचा तपकिरी किंवा पांढुरका. पिवळ्या-पांढऱ्या जातींत हा रंग फसवतो, तेव्हा पहिल्यांदा घेताना साधा हिरवा किंवा निळा घ्या.

एकटा आणू नका. तुम्ही दिवसभर वावरात, मुलं शाळेत, तो एकटाच पडेल. दोन नर आणा. नर-मादी आणून पिंजऱ्यात मडकं टांगलं की अंडी सुरू होतात, मादी खंगते, पिल्लांचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच.

आता धाकट्याचं. हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून थोडं लांबवते. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. त्याच्या छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच श्वास आत जातो. लेकरानं प्रेमानं मूठ आवळली तरी छाती हलत नाही आणि पक्षी गुदमरून मरतो. त्याला ओरडताही येत नाही. म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या हातात पक्षी द्यायचाच नाही. त्यानं जमिनीवर मांडी घालून बसायचं, हात उताणा मांडीवर, तळहातावर राळ्याचं कणीस. पक्षी स्वतः आला तर आला. मोठीला बोटावर बसवायला शिकवता येईल, तिला समज आहे. दोघांनी आधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे, आणि पक्ष्याच्या तोंडाला तोंड लावायचं नाही. पोपटांच्या विष्ठेतून माणसाला तापाचा आजार लागू शकतो. घरात कोणाला ताप-खोकला झाला तर पक्षी पाळला आहे हे डॉक्टरांना सांगायचं.

कपाशीची_ओळ
किती नीट सांगितलंत! श्वासाचं मला ठाऊकच नव्हतं, मोठीला बसवून वाचून दाखवलं. दिराशी बोलले, तो रागावला, पण बाजारात जाऊन नको म्हणून सांगून आला. दोन गोष्टी अजून विचारते. खायला काय? वावरातली मेथी, पालक चालेल का? आणि उन्हाळ्याचं काय करायचं?

वऱ्हाडी_माणूस
ताई, वावरातला पाला फवारणीच्या दिवसात देऊ नोका. कपाशीवरचं औषध हवेनं शेजारच्या भाजीवर येते. 2017 साली यवतमाळात फवारणीनं माणसं मेली, हे तर पाखरू हाये. घराजवळ कुंडीत मेथी, कोथिंबीर लावा, तेच द्या. शेवग्याचा पाला बी चालते. अन् फवारून आलेल्या माणसानं आंघोळ केल्याबिगर, कपडे बदलल्याबिगर पिंजऱ्याजवळ जाऊ नये.

उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत ठेवाचंच नाई. कवेलूच्या घरात, भिताडाच्या कडेनं ठेवा. कूलर असन तर पिंजरा त्याच्या झोतात नको.

पिंजरा_मोठा_हवा
भाऊंचं बरोबर आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला पक्षी आहे, ऊन सोसेल, असं दुकानदार म्हणेल. रानातला पक्षी उडून सावलीला आणि पाण्याला जातो, पिंजऱ्यातला कुठं जाणार? दुपारी बसकट वाटीत आंघोळीला पाणी ठेवा, पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट टांगा, दुसरी बाजू मोकळी राहू द्या. पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला आणि पंख अंगापासून लांब धरले की ऊन लागतंय समजा. लगेच गार जागी न्या, पायांवर आणि अंगावर साधं पाणी शिंपडा. बर्फाचं पाणी नको.

दाण्यात राळा, बाजरी, थोडी भगर. सूर्यफुलाच्या बिया क्वचित, चरबी चढते. रोज थोडा हिरवा पाला, मक्याचं कोवळं कणीस. समुद्रफेणाचा तुकडा पिंजऱ्यात अडकवा, कॅल्शियमसाठी. मीठ, चहा, चॉकलेट, कांदा, ॲव्होकॅडो अजिबात नको. चुलीच्या धुरापासून लांब. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं बजी काही मिनिटांत मरतात, म्हणून स्वयंपाकघरात पिंजरा कधीच नको.

गुरांचा_दवाखाना
मी पशुवैद्यक आहे. तालुक्याच्या दवाखान्यात पक्ष्यांचे रुग्ण कमी येतात, पण नेऊच नका असं नाही. गंभीर असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. पक्षी आजार लपवतो. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला की तो बराच खालावलेला असतो, उद्यापर्यंत थांबू नका. विकत घेताना डोळे स्वच्छ, शेपटीखालची पिसं कोरडी आणि श्वास घेताना शेपूट वर-खाली न होणारा बघा. दुकानदार आफ्रिकन ग्रे किंवा मकाव हे मोठे विदेशी पोपट दाखवू लागला तर त्या जातींची केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, बजी-कॉकटिएलना नाही.

कपाशीची_ओळ
डॉक्टरांना विचारलं. पिंजरा ओसरीत आणि झाडलोट माझ्याकडे, या अटीवर चालेल म्हणाले. उन्हाळ्यात आणायचेच नाहीत असं ठरवलंय. तान्हा पोळा झाला की दोन नर आणू, तोवर मोठीनं राळा कुठं मिळतो ते शोधायचं. पिंजरा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ म्हणते. माप आणि जाळी कशी सांगू?

पिंजरा_मोठा_हवा
लांबी अडीच फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड. पक्षी आडवा उडतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी वाढवा. जाळी अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको, डोकं अडकतं. नवीन गॅल्वनाइज्ड जाळीवरचं जस्त चाटून विषबाधा होते. तीच मिळाली तर व्हिनेगर लावून ब्रशनं घासा, धुवा, उन्हात वाळवा, मगच वापरा. बसायला प्लॅस्टिकची दांडी नको, कडुनिंबाच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या बसवा. रात्री पिंजरा आत घेऊन भिंतीपासून लांब हुकाला टांगायचा, धामण आणि मांजर दोघांसाठी. दाराला स्प्रिंगची कडी सांगा, धाकट्याला सहज उघडता येणार नाही अशी.