मदत हवी आहे : रुग्णसेवेच्या मॉडेलमध्ये प्रतीक्षेची किंमत कशी धरावी?

नमस्कार. डॉक्टर आणि निधी दोन्ही मर्यादित असताना कोणत्या सेवेला किती वेळ द्यावा, याचे मॉडेल मी प्रबंधासाठी बांधत आहे आणि एका ठिकाणी अडकलो आहे.

मांडणी नेहमीचीच आहे. आयुष्याची वर्षे त्यांच्या दर्जासह मोजायची, म्हणजे क्वाली, आणि ती जास्तीत जास्त मिळवायची. निधी व डॉक्टरांचे तास या मर्यादा. उत्तर लिनिअर प्रोग्रामिंगने, म्हणजे मर्यादा सांभाळून सर्वोत्तम वाटप शोधणाऱ्या सरळ-रेषी गणिताने. त्यातून प्रत्येक मर्यादेची छाया-किंमत मिळते, म्हणजे डॉक्टरचा एक तास वाढवला तर किती क्वाली वाढतील हे कळते. अडचण नेमकी इथेच आहे. तास ९० टक्केच वापरले जात असतील, तर मॉडेलच्या लेखी वेळ शिल्लक आहे, म्हणून आणखी एका तासाची किंमत शून्य. रांगेचे गणित मात्र वेगळेच सांगते. डॉक्टर एकच, रुग्ण केव्हाही येणारे, तपासणीची वेळ बरीच कमीजास्त पण सरासरी १० मिनिटे, असे धरून सर्वांत साध्या सूत्राने हिशेब केला, तर ८० टक्के भाराला, म्हणजे डॉक्टरचा ८० टक्के वेळ तपासणीत जात असताना, सरासरी ४० मिनिटे थांबावे लागते, ९० टक्क्यांना ९० मिनिटे आणि ९५ टक्क्यांना १९० मिनिटे. मॉडेल ज्याला पडून राहिलेला वेळ समजते, त्याच्याच जोरावर रांग पुढे सरकते.

भारावर ८५ टक्क्यांची कमाल मर्यादा घालून पाहिली, पण मग सगळे उत्तर मीच निवडलेल्या आकड्यावर फिरते, आणि परीक्षकांनी "८५च का?" असे विचारले तर मी काय सांगणार? प्रतीक्षेची किंमत थेट उद्दिष्टात घालावी, तर सर्वांची मिनिटे सारखी नसतात. सर्दीच्या रुग्णाचा एक तास म्हणजे कंटाळा. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या रुग्णाला ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सरासरीत हा फरक बुडून जातो. शिवाय सेवा मोफत असते तिथे रांग हीच किंमत ठरते. रांग आखडली की एरवी न आलेले रुग्णही येतात आणि भार पुन्हा चढतो.

भारासोबत झपाट्याने चढणारा प्रतीक्षेचा हा वक्र सरळ रेषांच्या तुकड्यांनी मूळ मॉडेलमध्ये बसवला तर चालते का, की रांगेचे सिम्युलेशन वेगळेच चालवावे? दुसरे असे की माझ्याजवळच्या नोंदी तपासणी झालेल्या रुग्णांच्याच आहेत. थांबून थांबून निघून गेलेले त्यांत नाहीत. फक्त टोकनचे क्रमांक मधूनमधून गळालेले दिसतात. त्या गळालेल्या क्रमांकांवरून निघून गेलेल्यांचा अंदाज बांधणे कितपत ग्राह्य आहे?